कूलर बंद

१२ सप्टेंबर, शुक्रवार

आला! आमचा अल्बम आला — ‘कूलर बंद’. आठ गाणी. सकाळपासून फोन उघडून नुसतं बँडचं नाव बघतेय — ‘तर्री’. म्हणजे अश्विन आणि मी, दोघंच. मी लिहिते आणि गाते. कीबोर्ड, चाली, रेकॉर्डिंग, मिक्सिंग — सगळं तो. कॉलेजात सुरू केलं तेव्हा आमच्या गाण्यांचा प्रकार निओ सोल म्हटलं की लोक विचारायचे, हे काय असते बा?

मे महिन्यात त्याच्या मागच्या खोलीत रेकॉर्ड केलं. माइक सुरू की कूलर बंद, नाहीतर त्याची घरघर गाण्यात शिरते. नागपूरच्या मेमध्ये! घामाने कागद भिजायचा हातातला. शामलाकाकू — त्याची आई — ताकाचे ग्लास ठेवून जायच्या. ‘मराले बसले का वं तुम्ही दोघं?’ मेले असते तरी चाललं असतं. इतकं सुख होतं.

१५ सप्टेंबर

मुंबईच्या एका वेबसाइटवर परीक्षण आलं. शब्द छान, चाली छान, ‘पण मिक्सिंग असह्य. गायिकेचा प्रत्येक स टाचणीसारखा कानात घुसतो.’ खाली लोकांची जत्रा. ‘मिक्सिंग कढईत केलं का बे?’ ‘तर्री जास्त झाली!’

हेडफोन लावून पुन्हा ऐकलं. खरं आहे. स, श, झांजा — सगळं किर्र. जुलैत मी म्हटलं होतं त्याला, ‘स जरा जास्त नाही का होत गा?’ तर म्हणाला, ‘मले तं बरोबर वाटून राहिलं.’ मग मी सोडून दिलं. त्याच्या कानांपुढे माझं कधी काही चाललं नाही, आणि मला तेच आवडायचं. आता बसा!

१६ सप्टेंबर

तीनदा फोन केला. उचलला नाही.

२० सप्टेंबर

भांडण. कडाक्याचं.

जितेंद्र — पुण्यात मिक्सिंग करतो, आमचा जुना मित्र — सगळा अल्बम पुन्हा मिक्स करून देतो म्हणाला. फक्त मूळ फाइली हव्यात. मी आनंदाने धावत अश्विनकडे.

‘देत नाही.’

‘काहून?’

‘हा असाच राहीन.’

‘अरे, लोकं हसून राहिले आपल्यावर!’

‘हसू दे.’

आठ वर्षांत असा कधी वागला नव्हता. मी सुनावलं — घमेंडी आहेस, माझ्या आवाजाची माती केलीस, सगळं. तो नुसता माझ्या तोंडाकडे बघत होता. शेवटी तोंडातून गेलंच — ‘बहिरा झाला का बे तू?’

तो उठला आणि कूलर लावला. फुल. त्या घरघरीत काय बोलणार! मी निघाले. गेटपाशी रडू फुटलं. काकू ओट्यावर भाजी निवडत होत्या, त्यांनी हाक मारली, मी थांबले नाही.

२८ सप्टेंबर

त्याचा मेसेज. ‘कोजागिरीचा कार्यक्रम तू एकटीच कर. तर्री संपली.’

फोनसुद्धा नाही! मेसेज!

नवरा नाही, प्रियकर नाही, भाऊ तर नाहीच. मग हे जे तुटलंय ते काय म्हणून सांगू, आणि कोणाला? आई म्हणते, ‘दुसरा वाजवणारा भेटन वं, एवढं काय!’ भेटेल. मी श्वास घेताना थांबणारा कुठून आणू? हलकट आहे, हलकट. आणि मला त्याच्याशिवाय गाता येत नाही. दिवसभर एक ओळ धड निघाली नाही. सारखं रडू.

२ ऑक्टोबर, दसरा

पहिल्यांदाच सोनं द्यायला त्याच्याकडे गेले नाही. काकूच आल्या. हातावर आपट्याची पानं ठेवली, माझा चेहरा बघितला, मग खुर्चीत बसून त्याचीच गाऱ्हाणी.

‘काय करू वं हर्षा या पोराचं? कुकर बोंबलून राहते, हा बाजूले बसला राहते. उठत नाही, गॅस बंद करत नाही. काल वरण करपलं. बोलली तं म्हणते, शिट्टी झालीच नाही!’

‘नाटकं आहेत त्याची, काकू.’

दोघी हसलो. ‘ये वं एखाद्या दिवशी,’ जाताना म्हणाल्या. मी हो म्हटलं, जायचं नव्हतंच.

४ ऑक्टोबर

कोजागिरीचा कार्यक्रम करत नाही म्हणून आयोजकांना कळवलं.

काकूंचा तो कुकर डोक्यातून जात नाही. शिट्टी झालीच नाही — असं खोटं कोण बोलतं?

५ ऑक्टोबर

गेले. दारातून हाक मारली. वळला नाही. पुन्हा मारली. मग समोर जाऊन बसले. माझ्या तोंडाकडे बघत राहिला, त्या दिवशीसारखाच. तेव्हा समजलं.

उन्हाळ्याच्या आधीपासून आहे. दोन्ही कान. काकूंनाही सांगितलं नाही. ‘बारीक आवाज पहिले जाते म्हणे, मंग बाकीचे. डॉक्टर म्हणे, वापस येत नाही. तुझा स येणंच बंद झालं होतं मले. येतपर्यंत वाढवत गेलो.’

‘मंग फाइली काहून नाही दिल्या गा?’

‘जितेंद्रनं बरोबर केलं असतं वं. मंग मले तू अर्धीच ऐकू आली असती.’