पोथीचे कव्हर

तीर्थरूप आईच्या पायांवर डोके ठेवून लिहिते,

रेडिओ ऐकून घाबरली असशील. चार राज्यांचा संघ झाला तेव्हा आपण दारात दिवे लावले होते. बारा वर्षांत भांडभांडून तो मोडला. पण इथे सगळे शांत आहे.

आता तुझ्याकडे यायचे तर परवाना हवा, आणि तिकडे जन्मल्याचा संघाआधीचा दाखला दाखवल्याशिवाय तो मिळत नाही. संघाचे कार्ड आल्यावर लोकांनी जुने दाखले फाडून टाकले. मी मात्र जाड कागद वाया कशाला घालवा, म्हणून त्याचे पोथीला कव्हर घातले. तेव्हा हे म्हणाले होते, "देवालाही रद्दीच का!"

काल पोथीच घेऊन कचेरीच्या खिडकीपाशी गेले. कारकूनबाई म्हणाल्या, "अहो, यावर तेलाचा डाग आहे."

"देवाच्या दिव्याचा आहे. शिक्का दिसतोय ना?"

त्या हसल्या आणि परवाना दिला. घरी आल्यावर ह्यांनीच पोथी कपाटात जपून ठेवली बघ!

तुझा खोकला कमी आहे असे वहिनी लिहिते. मला खरे वाटत नाही. परवान्यावर वर्षाला दोनच भेटी आहेत. एरवी मी काहीही पुरवून पुरवून वापरते, पण यातली पहिली राखून ठेवणार नाही. सोमवारी निघते.

तुझी थोरली