फिरणारी चाकं आणि न हलणारी वरात

वोनोसोबो, सोमवार

ती. कुंतोरोदादास,

धाकट्या पार्जानचा वाकून सलाम. तुझा डोळा कसा आहे? पट्टी सुटली का? थेंब वेळेवर घालतोस ना, की वहिनी ओरडेपर्यंत थांबतोस? इकडे आम्ही सगळे खुशाल. तुझी गाडीही खुशाल (त्याबद्दल शेवटी लिहिलंय, पण पान उलटून आधी ते वाचू नकोस). आणि दादा, लग्न झालं! आपल्या भाच्याचं, सुमिनीच्या बागसचं लग्न झालं! सुमिनी गेली त्या दिवशी तिचा हात धरून मी शब्द दिला होता, की तुझ्या पोराला मांडवात मी स्वतः नेईन. नेला बरं का! कसा नेला ते मात्र ऐकण्यासारखं आहे.

बाकीची मंडळी आदल्या दिवशीच वर गेली होती. शनिवारी सकाळी निघालो ते आम्ही तिघंच. पुढे मी आणि नवरदेव, मागे तुगियेम मावशी (ती बसली की शेजारी दुसरं कोणी मावत नाही, तुला काय सांगायचं), आणि डिकीत भेटीची ताटं नि राजकेळीचे दोन घड. काझीसाहेबांनी बजावलं होतं की दहाच्या ठोक्याला ते दुसऱ्या लग्नाला निघणार. दोनच दिवसांनी सुरो महिना लागणार, त्यात लग्नाचं कोणी नावही काढत नाही, म्हणून त्या एका दिवशी त्यांना पाच लग्नं. आणि बागसचं कालिमंतानला कामावर जायचं जहाज पंधरा दिवसांवर. म्हणजे दहा चुकले की नवरा समुद्रापलीकडे आणि नवरी डोंगरावर, ते थेट पुढच्या सुट्टीपर्यंत.

नऊ वाजता नवरीच्या गावाखालच्या शेवटच्या चढणीला लागलो. बटाट्याच्या टेम्पोंनी सांडलेला चिखल, वरून धुकं. अर्ध्यावर गेलो आणि गाडी थांबली. इंजिन बोंबलतंय, चाकं गरागरा फिरतायत, आणि आम्ही सावकाश मागे मागे येतोय! मी म्हटलं, घाबरू नका. चौतीस वर्षं याच डोंगरात वडापची गाडी चालवलीय मी, मला गाडीचा खोकलासुद्धा कळतो. आधी वाटलं क्लच गेला. पण मग चाकं फिरली नसती. टायर पाहिले तर नवेकोरे. म्हणजे पकड सुटतेय एवढं नक्की, आणि त्यावरचे उपाय मला झोपेतही येतात. मागच्या टायरांची थोडी हवा सोडली. मागच्या चाकांखाली गोणपाट घातलं. शेतातल्या चार जणांना हाका मारून मागून ढकलायला लावलं. (आमच्या जुन्या गाडीला ढकलणारा डोक्यापासून पायापर्यंत चिखलाने माखायचा. या चौघांच्या अंगावर शिंतोडाही नाही. तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. नाही पडला.) गाडी तिथेच. मग काढला हुकमाचा एक्का, म्हणजे मागे वजन! वडापमध्ये आम्ही हेच करायचो, जाडी माणसं मागच्या चाकांवर. मावशीला म्हटलं, डिकीत बस. मावशीने माझ्या सात पिढ्यांची उजळणी केली, पण बसली, मांडीवर केळ्यांचे घड घेऊन. शेजारी बटाट्यांची दोन पोती. आता गाडीचं तोंड आभाळाकडे, आणि चाकं आधीपेक्षा जोरात फिरायला लागली! नऊ पस्तीस झाले. बागस नवी रेशमी टोपी हातात चुरगाळत "मामा, मी पळत जाऊ का?" म्हणाला तेव्हा, दादा, सुमिनीला काय तोंड दाखवू असं झालं.

तेवढ्यात आम्हाला शोधत नवरीची आत्या खाली आली, मुरगियांती. रोज बटाट्याचा टेम्पो चालवते, बोलायला फटकळ. डिकीतल्या मावशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "काका, कुठली चाकं फिरतायत ते बघितलंत का?"

दादा, कोणीच बघितलं नव्हतं! मी स्टेअरिंगवर, बाकी सगळे मागे. वाकून पाहतो तर फिरतायत पुढची, आणि मागची दोन्ही साध्वीसारखी स्वस्थ! म्हणजे मी सगळं वजन मागे टाकून पुढची चाकं हलकी करत होतो. मुरगियांती म्हणाली, गाडी खाली न्या, वळवा, नि उलटी चढवा. नाक उताराकडे राहिलं की वजन आपोआप पुढच्या चाकांवर येईल. पोती उतरवली, मावशीला पुढच्या सीटवर बसवलं, बागस पायीच ढकलायला, आणि मी मान मोडेस्तोवर मागे बघत रिव्हर्स टाकला. आणि चढली की! मुंगीसारखी सरळ चढली! मी आत एकटाच ओरडत होतो (मावशीही ओरडत होती, पण शिव्या).

वर मांडवात सगळे सजून उभे. धुक्यातून गाडीचं बूड आलं. धक्क्याने डिकी उघडली, आणि नवरीच्या आजोबांनी स्वागताचं पाठ केलेलं भाषण राजकेळीच्या घडांना ऐकवलं. काझीसाहेबांनी एक बूट घातलासुद्धा होता. नऊ चोपन्न! पण निकाहाची कबुली एका दमात म्हणायची, आणि बागसला धाप लागलेली, कारण चढणभर ढकलत आलेला. पहिल्यांदा अर्ध्यावर अडकला, दुसऱ्यांदा नवरीचं नाव गिळलं. काझीसाहेबांनी घड्याळ पाहिलं. तिसऱ्यांदा पोराने छाती भरून घेतली आणि शेवटपर्यंत म्हणाला. साक्षीदार ओरडले, "झालं!" मी रडलो, दादा. सगळ्यांसमोर. तू असतास तर तूही रडला असतास, डॉक्टरने मना केलंय तरी.

वहिनींना सलाम, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
पार्जान

ता. क. मांडवाच्या दाराशी केळीचे खांब असतात हे रिव्हर्समध्ये दिसत नाही. मागचा डावा दिवा गेलाय. डिकीला पोचा आहे, तो सावलीत दिसत नाही.

आणखी एक ता. क. रविवारी तू पाहुणचाराला येशीलच. इकडे सगळ्यांना मी सांगितलंय की पुढच्या चाकांचं माझ्याच लक्षात आलं. मुरगियांती गप्प राहायला तयार आहे, बदल्यात महिनाभर तिचा टेम्पो मी धुवायचा. आता प्रश्न तुझा. किल्ली देताना तू मला दोनदा म्हणाला होतास, "पार्जान, ही पुढच्या चाकांवर ओढते, वजन मागे टाकू नकोस." मी ऐकलं होतं, दादा. वाटलं, ऑपरेशनच्या गुंगीत बडबडतोय. तर रविवारीही कृपा करून तू गुंगीतच राहा.