दुसऱ्यांदा धुतलेले पेले

रविवार, २३ मार्च

पाळकसाहेबांनी आज प्रवचन मध्येच थांबवलं आणि मागच्या रिकाम्या सतरंज्यांकडे बोट केलं. "खालच्या गल्लीची माणसं कुठं आहेत? जुन्या नोंदी बघितल्या, तीन वर्षांत एक घर आलेलं नाही. आणि चर्चच्या दारावर फळा — सर्वांचे स्वागत!"

फळा मीच रंगवून घेतलेला. मराठीत आणि कन्नडात. मी महिला मंडळाची सेक्रेटरी. मान खाली घालून बसले. हा माणूस बिदरहून येऊन दोन महिने झाले, त्याला दिसलं. मला कसं नाही दिसलं? शाळेत एक पोर गैरहजर असलं तर माझा जीव खालीवर होतो.

मंगळवार, २५ मार्च

खालच्या गल्लीत राजूबाईंकडे गेले. पूर्वी प्रभुभोजनाला सगळ्यांत पुढे असायच्या. आता नातू दीड वर्षाचा झाला तरी त्याचा बाप्तिस्मा नाही. सून मंजुश्री दारातच हळूच म्हणाली, "आत्याला दोनदा इचारलं, बाई. न्हाईच म्हनायल्यात."

राजूबाई शेंगा फोडत होत्या. फोडता फोडताच सांगितलं —

"प्रभुभोजनाचे पेले धुवायची माझी पाळी व्हती, अक्का. धुतले, पुसले, कपाटात ठिवले. चष्मा इसरला म्हनून माघारी आले, तर एक बाई तेच पेले काढून परत धुवायलती."

मी हादरलेच. जाती वेगळ्या, तरी आमचे पणजे आणि त्यांचे पणजे एकाच काळात ख्रिस्ती झाले. दोघांनाही गावच्या विहिरीवर पाय ठेवू देत नव्हते म्हणून! आणि आता आमच्यातच हे?

कोण होती? सांगेनात.

"नाव घेतलं तर तिला देवळात यायला लाज वाटंल. मंग तिची जागा रिकामी पडंल. कामून पाडू?"

मी शब्द देऊन आले. शोधून काढीन, मग तुम्ही नातवाला घेऊन या.

बुधवार, २६ मार्च

पार्वतीबाईंना विचारलं. मंडळातल्या सगळ्यांत जुन्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "मी न्हाई धुतले. पन धुतले तरी काय बिघडलं? जुन्या बाया असंच करायच्या. त्येंच्या हातचं म्हनून एकदा पानी फिरवायचं. तोंडावर कोन बोलायलंय?"

मी चहा तसाच ठेवून उठले. दर रविवारी हिच्याशेजारी बसून मी गाणी म्हणते! हीच ती. माझी खात्री झाली.

गुरुवार, ३ एप्रिल

राजूबाई येते म्हणाल्या. रविवारी. नातवाला घेऊन.

रविवार, ६ एप्रिल

सगळं विस्कटलं.

प्रभुभोजनाआधी परवानगी मागून मी उभी राहिले. पेल्यांची हकीकत सांगितली, राजूबाईंचं नाव न घेता. म्हटलं, जिने हे केलं तिने उठून उभं राहावं आणि माफी मागावी. एकेकीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. पार्वतीबाईंकडे जरा जास्तच.

कोणी उठलं नाही. उठल्या त्या राजूबाई. पदर डोळ्यांना लावला, नातवाला कडेवर घेतलं आणि प्रभुभोजन न घेताच निघून गेल्या. मंजुश्री मागोमाग.

पार्वतीबाई मात्र ढिम्म. माझा तोल गेला. सगळ्यांदेखत म्हणाले, यापुढे तुम्ही पेल्यांना हात लावायचा नाही. त्याही उठून गेल्या.

नंतर पाळकसाहेब एवढंच म्हणाले, "बाई, आपण माणसं आत आणायला निघालो होतो ना?" दोषीला पाठीशी घालायचं का मग?

सोमवार, ७ एप्रिल

मंजुश्री शाळेच्या फाटकाशी उभी होती. "कालपासून आत्या जेवल्या न्हाईत, बाई. तुमी समद्यांकडं बघायलताव, आन आत्या तुमच्याकडं बघायलत्या."

पेले मी धुतले होते. मला ते आठवतसुद्धा नाही.