तीन हँडलांचं वजन

२ मार्च, रविवार. सकाळी ११.
ठरलं. फॉर्म भरला. ६ एप्रिलला रेसट्रॅक सामान्य लोकांसाठी खुला. आपली रोजची गाडी घेऊन जायचं आणि हवी तशी पळवायची. माझी गाडी नऊ वर्षांची, पांढरी, डिकीवर एक पोचा. पण रक्त रेसिंगचं आहे. (माझं. गाडीचंही निघेल.)

ही वही त्यासाठीच. नियम एकच: खरं तेच लिहायचं. वाचणारा कुणी नाही, मग खोटं कुणासाठी लिहायचं?

कारणही लिहून ठेवतो. कारण म्हणजे सासरे. एकतीस वर्षं बस चालवली, एकही अपघात नाही. तसं कोरलेली पितळी पाटी हॉलमध्ये टांगली आहे, जेवायला बसलं की बरोबर माझ्या डोळ्यांसमोर येते. दोन वर्षांपासून आमच्याकडेच असतात. माणूस चांगला, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण माझ्या गाडीत बसले की दार लागायच्या आत हात वर जातो आणि दारावरचं आधाराचं हँडल धरतो. उतरेपर्यंत सुटत नाही. सिग्नलला गाडी उभी असली तरी सुटत नाही. पायाने नसलेला ब्रेक दाबत असतात आणि अधूनमधून एकच शब्द: हळू. लग्नाला एकोणीस वर्षं झाली. एकोणीस वर्षं मी हे ‘हळू’ ऐकतोय.

एकदा, फक्त एकदा, त्या माणसाने माझ्या गाडीत दोन्ही हात मांडीवर ठेवून बसावं. बस्स.

३ मार्च.
संकल्प. पहाटे पाचला उठणे. मानेचे व्यायाम (वळणावर डोकं फार जड होतं म्हणे). बिस्किटं बंद.

४ मार्च.
साडेसातला उठलो. मान अवघडली आहे, तीही व्यायाम न करता. बिस्किटं चार. दुखणं असताना पोट रिकामं ठेवू नये.

८ मार्च, शनिवार.
गाडी मेकॅनिककडे. ब्रेक ऑइल नवीन, इंजिन ऑइल नवीन, ब्रेक पॅड नवीन. त्याने जुने पॅड हातात घेऊन बराच वेळ उलटसुलट पाहिले. मग विचारलं, ही गाडी ड्रायव्हिंग शिकवायला देता का. म्हटलं, मी एकटाच चालवतो. म्हणाला, एवढ्या कमी दिवसांत पॅड इतके झिजलेले आजवर पाहिले नाहीत, तुमचा पाय ब्रेकवरून उठतो की नाही? म्हणजे माझे रिफ्लेक्स जलद आहेत. तज्ज्ञाच्या नजरेतून अशा गोष्टी सुटत नाहीत.

घरी येऊन हे सांगितलं. सासऱ्यांनी पेपरमधून मान वर काढली आणि परत पेपरात घातली.

१० मार्च.
फॉर्म बायकोच्या ऑफिसातून पाठवायचा होता, तिथे प्रिंटर आहे. संध्याकाळी तिने प्रत आणून दिली. ‘दुसरा चालक’ या ओळीसमोर तिने आपल्या वडिलांचं नाव आणि लायसन्सचा नंबर लिहून टाकलाय! म्हटलं, हे काय? म्हणाली, जागा रिकामी होती. मी सोडून दिलं. अपघात झाल्यास कुणाला कळवायचं, असा काहीतरी तिचा समज झाला असणार.

१३ मार्च. संध्याकाळी.
मुख्य शोध लागला. वजन! गाडीतून एकेक किलो काढला की गाडी पळते. सगळे रेसर हेच करतात. आजपासून मोहीम.

स्टेपनी: १३ किलो. जॅक आणि पाने: ४. मागची सीट: २३. पायपुसणी, डिकीतली छत्री, सहा वर्षांपूर्वी हरवलेली चप्पल (एक): ३.

सगळं न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर मोजलं. शेवटी बायको म्हणाली की आता तुम्ही चढा. चढलो. ९१. ती म्हणाली, गाडीत बसल्यावर हेही गाडीचंच वजन ना? मी तिला शांतपणे समजावलं. गाडीचं वजन हा इंजिनिअरिंगचा विषय आहे, माझं वजन हा खासगी.

१४ मार्च.
मागची सीट ठेवायला जागा नाही, म्हणून हॉलमध्ये खिडकीखाली ठेवली. ऑफिसातून आलो तर सासरे तीवर बसलेले. समाधानाने. दोन्ही हात मांडीवर.

माझ्याच गाडीची सीट! फक्त गाडी तीन मजले खाली होती. संताप संताप झाला.

१६ मार्च, रविवार.
हेल्मेट आलं. कानांवरून उतरतच नव्हतं, मग उतरलं, मग निघेना. सवय व्हावी म्हणून घरात तीन तास घालून वावरलो. त्यात बायको वीस मिनिटं बाहेर दाराची बेल वाजवत उभी. ऐकू कसं येणार? ती अजून बोलत नाही. हेल्मेट असल्यामुळे तेही उशिरा कळलं.

१८ मार्च.
ट्रॅकचा नकाशा फ्रीजवर चिकटवला. नऊ वळणं. जेवणाच्या टेबलाशी खुर्ची ओढून, हातात स्टीलचं ताट धरून रोज अर्धा तास सराव. पाय पण हलवतो. तिसरं वळण उलटं आणि फसवं आहे, तिथे मी आतूनच घुसणार.

सासरे पाणी प्यायला आले, नकाशासमोर उभे राहिले. बोट ठेवून म्हणाले, इथे घाई करायची नाही जावईबापू, उशिरा वळायचं, म्हणजे पुढचा रस्ता सरळ मिळतो. डोंगरातल्या वळणांवर आम्ही बस अशीच घालायचो.

बस! पन्नास माणसं, त्यांची गाठोडी, टपावर कोंबड्या. आणि रेसिंग! कुठे इंद्राचा ऐरावत आणि कुठे शामभटाची तट्टाणी. हो हो म्हटलं आणि ताट डावीकडे वळवलं.

२१ मार्च. फार वाईट दिवस.
सकाळी ऑफिसच्या वाटेवर पंक्चर. स्टेपनी घरी, गॅलरीत, कुंड्यांच्या शेजारी. जॅक तिच्याखाली. मागे गाड्यांची रांग आणि हॉर्न. एक रिक्षावाला थांबला, डिकीत डोकावला, सीटच्या जागचा पत्रा पाहिला आणि मला विचारलं, चोरी झाली का?

घरी फोन केला. पाऊण तासाने समोर बस थांबली. सासरे उतरले. एका हातात पाने आणि जॅकची पिशवी. मागून कंडक्टर स्टेपनी गडगडत खाली सोडतोय. तिचं सामानाचं तिकीट काढलं होतं म्हणे. सासऱ्यांनी बाह्या वर केल्या, बारा मिनिटांत चाक बदललं, हात पुसले. एक अक्षर बोलले नाहीत. न बोलून टोमणे मारायची ही कला फक्त त्यांनाच जमते.

तिथून त्यांना घरी सोडायला निघालो. हात वर. हँडल. पहिल्याच चौकात: हळू.

२२ मार्च, शनिवार.
आज तिन्ही दारांवरची हँडलं काढली (चालकाच्या बाजूला नसतंच). एक पुढचं, दोन मागची. प्रत्येकी १८० ग्रॅम, स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून. एकूण ५४० ग्रॅम. हा निर्णय निव्वळ तांत्रिक आहे. यात कुणाचा राग नाही, वैयक्तिक काही नाही. इथे खरं तेच लिहायचं म्हणून मुद्दाम लिहितोय.

हँडलं आणि स्क्रू बिस्किटांच्या डब्यात ठेवले. डबा रिकामाच होता.

२३ मार्च, रविवार.
सासऱ्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. बसले. हात वर गेला. हात चाचपडला. मी समोर बघत होतो, पण सगळं दिसत होतं. तिथे आता स्क्रूची दोन भोकं. आता बघू म्हटलं, आता कुठे जातो हात.

त्यांनी एका भोकात बोट अडकवलं आणि बसून राहिले. डॉक्टरांकडे जाईपर्यंत, आणि डॉक्टरांकडून येईपर्यंत.

हरलो. म्हणजे आज हरलो.

३० मार्च, रविवार.
एक आठवडा उरला. दुपारी मोकळ्या रस्त्यावर चाचणी. स्टेपनी आणि जॅक डिकीत परत (बायकोची अट). वजन कमी झाल्याने मागून डबे बडवल्यासारखा आवाज येतो. हा वेगाचा आवाज आहे. एका स्कूटरवाल्या आजोबांनी मला ओलांडलं. त्यांना घाई असावी.

५ एप्रिल. संध्याकाळी.
तयारी पूर्ण. चाकांचे नट आवळले, टायरची हवा पाहिली, गाडी दोनदा धुतली. मागे सीट नाही, पुढे शेजारी एकच जागा, त्यामुळे बायको आणि सासरे बसने येणार. ट्रॅकवर भेटू, म्हणाले.

प्रमाणपत्र मिळतं. पितळी पाटीच्या शेजारी खिळा ठोकून ठेवला आहे.

६ एप्रिल, रविवार. ट्रॅक. सकाळी ८:४०.
रस्ता चुकलो. बसवाले माझ्या आधी पोचून चहा पीत बसले होते. तपासणीत गाडी पास! पहिल्या झटक्यात! ब्रेक, टायर, सगळं ठीक. तपासणाऱ्याने विचारलं, मागची सीट कुठाय? हॉलमध्ये, म्हटलं. त्याने काहीतरी लिहून घेतलं.

९:१५.
पहिल्या तीन फेऱ्या इन्स्ट्रक्टर शेजारी बसणार. तो नियमच आहे. माझी इन्स्ट्रक्टर पंचविशीची मुलगी. हरकत नाही, तिलाही शिकायला मिळेल.

१०:०५.
परत आलो.

घडलं ते क्रमाने लिहितो. ती बसली. पट्टा लावला. मी निघालो. पहिल्या वळणावर तिचा हात वर गेला. चाचपडला. तिने विचारलं, हँडल कुठेय? सांगितलं, वजन. ती म्हणाली, अच्छा. तिसऱ्या वळणात आतून घुसलो, गाडी बाहेर गवतात निघाली. परत ट्रॅकवर आणली. दुसऱ्या फेरीच्या मध्यावर ती अगदी गोड आवाजात म्हणाली की काका, आपण जरा आत घेऊ या का.

आत घेतली. पुढच्या चाकांतून धूर येत होता. तिचं म्हणणं: तुम्ही वळणाआधी ब्रेक मारता, वळणात मारता, सरळ रस्त्यावर मारता, पुढे कुणी नसताना मारता. ब्रेक थंड होईपर्यंत बसा, बाकीच्यांचं बघा. वर म्हणाली, गाडी मात्र छान ठेवलीय.

मी बायकोला सांगितलं की ट्रॅक एका बाजूला कललेला आहे. ती म्हणाली, असेल, अंगणंही वाकडी असतात.

११:३०.
इन्स्ट्रक्टरने यादी पाहिली आणि विचारलं, या गाडीचा दुसरा चालक कोण?

सासरे उठले. खिशातून लायसन्स काढलं, चष्मा पुसला. गाडीभोवती एक चक्कर मारली, चारी टायरना बुटाने ठोकून पाहिलं, आरसा सारखा केला. माझं हेल्मेट त्यांना पहिल्याच प्रयत्नात बसलं.

ती त्यांच्यासोबत एक फेरी जाऊन आली. हसत उतरली. म्हणाली, यांना मी नको. आजोबा, कुणाला घ्यायचं तर घ्या शेजारी.

ते माझ्याकडे बघून म्हणाले, या जावईबापू, बसा.

दुपारी २.
इथे खरं तेच लिहायचं असं ठरलं आहे, म्हणून लिहितो.

बसलो, ट्रॅकचं उसनं हेल्मेट घालून. गाडी निघाली. माझी गाडी अशी कधी चालली नव्हती. धक्का नाही, हिसका नाही. मागचे डबेसुद्धा वाजेनात. मग काटा पाहिला. मी गेलो होतो त्याच्या दीडपट वेग. तिसरं वळण आलं. ते वळेनात. अजून वळेनात. भिंत आली.

माझा हात वर गेला. तिथे दोन भोकं होती. एकात बोट घातलं. बरोबर बसलं.

आणि तोंडातून शब्द निघाला: हळू.

सासरे म्हणाले, बरं. आणि गाडी हळू केली. लगेच. ना हसले, ना टोमणा. उरलेली सगळी फेरी हळूच नेली, मागच्या गाड्यांना हात करून पुढे जाऊ दिलं.

एकोणीस वर्षांत ते किती वेळा हळू म्हणाले असतील याचा हिशेब नाही. मी गाडी एकदाही हळू केली नव्हती. घाबरत होता हो तो माणूस. मला वाटत होतं, माझी परीक्षा घेतोय. लाज वाटली.

माझ्या गाडीत आज पहिल्यांदा त्यांचे दोन्ही हात खाली होते. स्टीअरिंगवर.

७ एप्रिल.
प्रमाणपत्रं आली. दोन. त्यांच्यावर ‘पूर्ण फेऱ्या: अकरा’ (त्यातल्या नऊ मी उतरल्यावर, एकट्याने). माझ्यावर ‘फेऱ्या: दीड’. दीड या आकड्यावर बायको काही बोलली नाही. तिचे उपकार. खिळ्याला सध्या कॅलेंडर लावलं आहे. त्यांनी त्यांचं पेपरच्या रद्दीत ठेवलं होतं, मी काढून घेतलं.

१३ एप्रिल, रविवार.
सीट परत बसवली. हँडलंही. सासरे एकेक स्क्रू हातात देत होते. पुढचं हँडल सगळ्यांत आधी बसवलं, आणि दोनदा आवळलं.

मग तिघं बाहेर पडलो. ब्रेक पॅड पुन्हा नवीन टाकलेत, ते नीट रुळेपर्यंत गाडी सासऱ्यांनी चालवावी असं मीच ठरवलं आहे. निर्णय तांत्रिक. मी शेजारी. बायको मागे. चौकातल्या सिग्नलला गाडी उभी असताना ती मागून म्हणाली, अहो, निदान सिग्नलला तरी सोडा ते.

मी स्क्रू घट्ट बसलेत का, ते बघत होतो.