नाक्यापलीकडे जाण्याआधीचा उपास

माय, आज उपासाचा तिसरा दिवस आहे. तुला जाऊन अकरा वर्षं झाली आणि तुझ्या जावयाला जाऊन दहा दिवस. लिहिलं आणि चरकले. दोघांना एकच शब्द लावला मी. ते नुसते वाशीमला गेलेत, मिशनच्या पाळकसाहेबांना विचारायला, की आमची पाच घरं उचलून तिकडे आणली तर पावसाळाभर कुठे आसरा मिळेल का. चार दिवसांत येतो म्हणाले होते. इथून कनेरगाव नाका तासाभराच्या वाटेवर, नाक्याच्या अलीकडे निजामाची मोगलाई आणि पलीकडे वऱ्हाड. पलीकडे इंग्रज जाऊन वर्ष झालं. अलीकडे मात्र हातात बंदुका घेतलेली माणसं लॉऱ्यांतून फिरतात आणि कुणाच्या दारात उतरतील याचा नेम नाही. तू असतीस तर आधी विचारलं असतंस, जेवलीस का. नाही जेवले. आणि उपास म्हणून नाही जेवले असं छातीठोकपणे सांगता येत नाही, कारण संध्याकाळी उपास सुटल्यावरही घास उतरत नाही.

पाचही घरांतल्या बाया माझ्या तोंडाकडे बघतात. मास्तर इथे नाहीत, म्हणजे मास्तरीण. शाळा मीच घेते, रविवारची उपासना मीच चालवते, आणि शेजारच्या घरचं जनावर आजारी पडलं तरी मलाच हाक येते. थोरली म्हणून एक म्हातारी आहे, पाच घरांत सगळ्यांत वयस्कर, डोळ्यांनी अधू. ती काल माझा हात चाचपून म्हणाली, "बाई, तू हायस म्हून आमाला धीर हाय. न्हाई तर आमी कवाच हातपाय गाळले असते." मी हसून काहीतरी बोलले. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून आणू, हे तिला कसं सांगायचं? परवा सकाळी मीच सगळ्यांना लिंबाखाली बसवून सांगितलं की तीन दिवस उपास धरू, संध्याकाळी प्रार्थना करू, आणि तिसऱ्या दिवशी जायचं की राहायचं ते ठरवू. प्रभू वाट दाखवील म्हणाले. माझा आवाज ठाम होता. बाया रडल्या, त्यांना बरं वाटलं. मलाही घटकाभर वाटलं.

तुझे उपास असे नसायचे. हट्टा गावातलं आपलं स्वयंपाकघर मला आत्ता दिसतं आहे. चुलीजवळ तू बसली आहेस, चूल पेटलेली नाही, आणि परातीत त्या दिवसाची ज्वारी मोजून ठेवली आहे. उपासाच्या दिवशी जी भाकरी आपण खाणार नाही तिचं धान्य घरात ठेवायचं नाही, सूर्य मावळायच्या आत कुणा उपाशी घरी पोचवायचं, हा तुझा नियम. मग ते घर प्रभूचं असो की मारुतीचं. आणि उपास धरायच्या आधी प्रत्येक बाईला तू एकच गोष्ट विचारायचीस, कशाचं भेव लागतंय. कुणी लाजलं तर म्हणायचीस, "भेव लागतंय तर लागतंय म्हना की. देवापुढं ऐट कशाला? त्याला का आपलं त्वांड दिसत न्हाई?" मग एकेक बाई सांगायची. नवरा दारू पितो, पोर बोलत नाही, पाऊस नाही. सगळं सांगून झालं की तू म्हणायचीस, आता बसा. परवा मी हे कुणालाच विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी मला उलट विचारलं असतं.

ज्वारीचंही तुला सांगून टाकते. तीन दिवसांची ज्वारी मी कुणाच्याच घरी पाठवलेली नाही. पोत्यात भरून कोपऱ्यात ठेवली आहे. थोरलीनं विचारलं, "कुणाला द्याचं गं धान्य?" मी म्हटलं, थांबा, बघू. तिच्या कपाळावरची आठी मला दिसली. तिनं उभ्या जन्मात असा उपास पाहिला नसेल.

मला तो बा आजारी असतानाचा उपास आठवतो आहे, आणि तो आठवू नये म्हणून मी तीन दिवस धडपडते आहे. मी नऊ वर्षांची होते. बाला ताप भरला होता, गाडीत घालून मिशनच्या दवाखान्यात नेलं होतं, आणि तू तीन दिवसांचा उपास सांगितला होतास. मीही धरणार म्हणून हटून बसले. दुसऱ्या दिवशी दुपारी, बा ज्यांच्या शेतात राबायचा त्या मालकिणीच्या अंगणात शेण द्यायला गेले. त्या दिवशी एकादशी होती. मालकीण म्हणाली, "काहून गं, त्वांड सुकलं तुझं?" मी म्हटलं, "उपास हाय." ती म्हणाली, "मंग उपाशी काहून हिंडून राहिली? भगर खा की, उपासाला चालती." तिनं पळसाच्या पानावर वरून भगर टाकली, वर दाण्याची आमटी. मी अंगणाच्या कडेला बसून पान चाटून पुसून खाल्लं. माय, इतकी चवीची भगर मी पुन्हा कधी खाल्ली नाही. आणि मला खरंच वाटत होतं की माझा उपास मोडलेला नाही. गावात सगळे उपास असेच तर होतात, आम्हीच काय वेगळे! घरी येऊन मी ऐटीत सांगितलं की मालकिणीकडे उपासाचं खाऊन आले.

बाया हसल्या. तू हसली नाहीस. तू म्हणालीस, "आपल्या उपासाला काईच चालत न्हाई. पानी तेवढं." आणि मग, माझ्याकडे न बघता, "तुझी आजची प्रार्थना पोटातच राह्यली म्हन." एवढंच. तू दमलेली होतीस, दोन दिवसांची उपाशी होतीस, नवरा दवाखान्यात होता. आज मला ते सगळं कळतं. पण चौथ्या दिवशी बा गेल्याची खबर आली, आणि ते वाक्य माझ्यात रुतून बसलं ते बसलंच. मी कितीदा विचारणार होते तुला, की तुला खरंच तसं वाटलं होतं का. माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी तू माझी वेणी घालत होतीस तेव्हा अगदी ओठांवर आलं होतं. तू म्हणालीस मान सरळ ठेव, आणि राहून गेलं.

त्यानंतर तुझा उपास असला की तू पहाटे उठून आधी मला भाकरी आणि दूध द्यायचीस, समोर बसून संपवायला लावायचीस, आणि मग स्वतः कडक उपास धरायचीस. मला वाटायचं, तू मला उपासातून काढून टाकलंस, माझा भरवसा धरत नाहीस. मी रागानं खायचे. आता माझी पोरगी सहा वर्षांची आहे. या तीन दिवसांत मीही तिला रोज सकाळी समोर बसवून खाऊ घातलं, आणि ती चावत असताना तिच्या तोंडाकडे बघताना मला एकदम वाटलं, ती तुझी माफी असेल. असेल ना? तू माफी तोंडानं मागणाऱ्यातली नव्हतीस. मला ती माफी हवी आहे म्हणून मी असं धरून चालते, एवढं कबूल करते.

आज दुपारी लॉरी विहिरीपाशी थांबली. चौघं उतरले, पाणी प्याले, आणि एकानं शाळेकडे बोट दाखवून विचारलं, मास्तर किधर है. थोरलीच पुढे झाली. "मास्तर दवा आणाया गेलेत, लेकरू बीमार हाय," म्हणाली. माझ्या मांडीवर माझा धाकटा पोरगा होता, खरंच आजारी असल्यासारखा गप्प. ते गेले. जाताना एक जण म्हणाला, फिर आएँगे. गेल्यावर थोरली विहिरीच्या काठाला धरून तिथेच खाली बसली. तीन दिवस उपास धरलेली सत्तरीची म्हातारी! तिला मी गुळाचं पाणी दिलं तर तिनं भांडं सारलं. "उपास हाय ना," म्हणाली, "संध्याकाळपत्तुर थांबते की. प्रभूचं उत्तर येऊ दे." माय, त्या वेळी मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

थोड्या वेळानं शेजारचा शेतकरी आला. भला माणूस आहे, त्याची दोन्ही पोरं तुझ्या जावयाजवळ अक्षरं शिकली. तो म्हणाला, "बाई, उद्या पहाटं माझी कडब्याची गाडी नाक्याकडं जाणार. लेकरं अन् म्हाताऱ्या कडब्यात घाला. तुमी बाया खुरपी घेऊन बांधाबांधानं चाला, निंदनीला चालल्यावानी. कोन इचारत न्हाई. पण उद्या न्हाई तर मंग न्हाई. परवापासून माझ्यावर बी नजर हाय." मी हो म्हटलं. इतक्या पटकन म्हटलं की तोही बघत राहिला. पुढे काय आहे मला माहीत नाही. वाशीमला आसरा आहे की नाही, वाटेत कुणी अडवेल की नाही, आणि तुझे जावई उद्या दुपारी दुसऱ्या वाटेनं इथे येऊन रिकामी घरं बघतील की काय. आगीतून फुफाट्यात जायचं असलं तरी जायचं. पोरीची परकरपोलकी बांधली. ज्वारीचं पोतं तयारच आहे.

हे पत्र कुठल्या टपालात टाकणार मी? सोबत नेलं आणि झडती झाली तर उगीच नसती आफत. प्रार्थनेला बाया जमायच्या आत चुलीत घालीन. त्या येतील, गुळाचा खडा हातावर घेऊन बसतील, आणि थोरली विचारील, प्रभूनं काय सांगितलं गं? मी सांगणार आहे, निघा म्हणाला. त्या उठतील आणि निघतील, एकही बाई वळून प्रश्न विचारणार नाही. पण मला उत्तर आज मिळालेलं नाही, माय. ते मला दहा दिवसांपूर्वीच मिळालं होतं. तुझे जावई दारात वहाणा घालताना म्हणाले होते, "आठव्या दिवसापर्यंत आलो न्हाई तर माझी वाट बघू नको. सगळ्यांना घे अन् नीघ." मी हे कुणालाच सांगितलं नाही. आठव्या दिवशी सकाळी मी बायांना लिंबाखाली बोलावलं आणि उपास सांगितला.