नोंद घेतली आहे

मंगळवार, ८ जानेवारी १९८५

पहाटे वंदना केली. मेणबत्ती विझायच्या आत निश्चयही केला, म्हणजे आता मागे फिरणे नाही. येत्या विधानसभेला मत देणार नाही. नळ नाही तर मत नाही.

आमदार आबासाहेब दोनदा निवडून आले. दोन्ही वेळा आमच्या कॉलनीला, करुणानगरला, नळ देतो म्हणाले. माझी बायको विठाबाई अजून रंगनाथच्या द्राक्षबागेतल्या विहिरीवरून हंडे आणते. तिची कंबर गेली. मी पाटबंधारे खात्यात कारकून. साऱ्या जिल्ह्याचे पाणी कागदावर का होईना माझ्या टेबलावरून जाते, आणि घरात माठ कोरडा.

संध्याकाळी मुंबईचा ‘मंत्री घरी नाहीत’ हा प्रोग्रॅम पाहिला. कॉलनीत टीव्ही फक्त आमच्याकडे, त्यामुळे दर मंगळवारी घर भरते. त्यातले फुगेसाहेब मंत्री भारी. कोणी रडत आले, कोणी ओरडत आले, साहेब गाल फुगवून एकच म्हणतात, नोंद घेतली आहे. समोरच्या धोंडाबाईला हसता हसता ठसका लागला.

हे नुसते हसणे नाही. ही जागृती आहे.

मंगळवार, १५ जानेवारी

प्रोग्रॅम संपताच टीव्ही बंद करून बहिष्काराचा ठराव मांडला. बातम्या लावा, बातम्या लावा, असा गलका झाला. आधी हात वर करा म्हटले. सगळ्यांनी केले. शेजारचा कोंडाजी स्लॅबवर अँटेना धरून उभा होता, त्याची संमती गृहीत धरली.

विठाबाईने हात वर केला नाही. सगळे गेल्यावर म्हणाली, बाबासाहेबांनी दिलेलं मत आहे, टीव्हीतल्या माणसाच्या नादानं मी ते टाकून देणार नाही. मी समजावले की मत न देणे हेही एक मतच असते. ती म्हणाली, मग नळ नसणं हाही एक नळच म्हणायचा.

तिला राजकारण कळत नाही.

शुक्रवार, १८ जानेवारी

फलक रंगवला. ‘नळ नाही तर मत नाही.’ अक्षर सुबक आले. कॉलनीच्या तोंडाशी लावणार होतो, तेवढ्यात कंडक्ट रूल आठवले. सरकारी नोकराला असे उघड काही करता येत नाही. तेव्हा लढा मौनाचा राहील. मौनाची ताकद मोठी असते.

फलक सध्या पलंगाखाली आहे.

मंगळवार, २२ जानेवारी

वाऱ्याने अँटेना फिरली. पडद्यावर नुसत्या मुंग्या. कोंडाजी वरून विचारतो, आलं का? खालून सगळे, आलं, आलं, गेलं. हा एस.टी.त मेकॅनिक. बसचे इंजिन उघडतो, पण एक पाइप त्याला वळवता येत नाही.

मी म्हटले, चित्र नसले म्हणून काय झाले, विचार ऐका. धोंडाबाई म्हणाली, ऐकायला रेडिओ हाय ना बाबा, चित्रासाठी तर येतो तुझ्याकडं. बरेच लोक अर्ध्यातून उठले.

लोकांची नाही, हवेची चूक.

सोमवार, ४ फेब्रुवारी

आबासाहेबांचा कार्यकर्ता मल्हारी रस्त्यात भेटला. त्याला ठणकावून सांगितले, करुणानगर बहिष्कार टाकणार. त्याने विचारले, टीव्ही तुमच्याकडेच आहे ना? मंगळवारीच जमतात ना लोक? मी हो म्हटले. लगेच सायकलवर टांग टाकून गेला.

घाबरला असावा.

मंगळवार, १२ फेब्रुवारी

आज आबासाहेब स्वतः घरी आले. याचा अर्थ आंदोलन वरपर्यंत पोचले.

दारात चपला काढून सगळ्यांना जयभीम केला. बुद्धमूर्तीला हात जोडले. बरोबर मल्हारी. मी कडक पाच प्रश्न पाठ करून ठेवले होते. पहिला नळाचा. आबासाहेब, असे म्हणालो आणि तेवढ्यात प्रोग्रॅमचे म्युझिक सुरू झाले. धोंडाबाई म्हणाली, सावळीराम, गप बस रे, लागलं ते.

लागले कसले, मुंग्याच. वरून कोंडाजीचे आलं का चालू. आबासाहेब उठले. जाकीट काढून माझ्या हातात दिले, इस्त्रीच्या पायजम्यानिशी शिडी चढले आणि पाइपला एक हिसका दिला. चित्र असे आले की फुगेसाहेबांच्या मिशीचा केसन् केस दिसू लागला. टाळ्या पडल्या.

खाली आले तर हाताला गंज. विठाबाईला त्यांच्या हातावर पाणी घालावे लागले. गंज लवकर निघेना. तांब्यामागून तांब्या गेला. तिने माठाकडे आणि मग माझ्याकडे पाहिले.

पुढे अर्धा तास आबासाहेबच सगळ्यांत मोठ्याने हसले. डोळे पुसत म्हणाले, आम्हाला अगदी सोलून काढलंय. मला वाटले होते त्यांना लाज वाटेल. शेवटी धोंडाबाईनेच विचारले, आन् आमच्या नळाचं काय? आबासाहेबांनी गाल फुगवले, हुबेहूब फुगेसाहेबांच्या आवाजात म्हणाले, नोंद घेतली आहे.

घर कोसळते की काय असे हसू झाले. मी हसलो नाही. किंचित स्मित केले. बाकीचे चार प्रश्न राहिले, कारण सगळा वेळ हातात जाकीट होते.

जाताना धोंडाबाई म्हणाली, काम करणारा माणूस हाय. शिडी चढला बाबा.

शनिवार, २ मार्च

मतदान. निश्चय अढळ.

सकाळी आबासाहेबांचा ट्रॅक्टर येऊन कॉलनीला शाळेवर घेऊन गेला. बहिष्कार नीट चालू आहे का पाहायला मीही गेलो. चालत. तिथे ऊन फार. सावली फक्त रांगेत होती, म्हणून रांगेत उभा राहिलो. रांग पुढे सरकत गेली, त्यात माझा दोष नाही.

आत गेल्यावर ठरवले, कोऱ्या जागेवर शिक्का मारून निषेध करायचा. पण त्या कागदावर कोरी जागा फार थोडी ठेवतात.

बाहेर विठाबाई भेटली. तिच्या बोटाला शाई, माझ्याही. कोणाला दिलेस विचारले. म्हणाली, गुप्त असतं. मग मीही सांगितले नाही.

संध्याकाळी वंदनेला बसलो. चौथे शील म्हणताना जीभ जड झाली. पण खोटे कुठे बोललो? देणार नाही म्हणालो तेव्हा देणार नव्हतोच.

मंगळवार, १२ मार्च

आबासाहेब प्रचंड मतांनी आले. करुणानगरची मते एकगठ्ठा पडली म्हणतात. तरी विरोधाची धार त्यांना जाणवली असणारच. आता नळ देण्यावाचून गत्यंतर नाही.

अँटेना पुन्हा फिरली आहे.

मंगळवार, २६ मार्च

आज निर्णायक पाऊल उचलले. फलक पलंगाखालून काढला. कोंडाजी, धोंडाबाई आणि आणखी पाचसात जण घेऊन आबासाहेबांच्या बंगल्यावर गेलो. दारात मल्हारी म्हणाला, साहेब घरी नाहीत. आतून आमच्या प्रोग्रॅमचे म्युझिक ऐकू येत होते. धोंडाबाई म्हणाली, मंत्री घरी न्हाईत, तेच ना? आतून हसण्याचा आवाज आला आणि आम्हाला बोलावले.

टीव्ही रंगीत. फुगेसाहेबांचे जाकीट हिरवे आहे हे आज कळले. सतरंजीवर बसून सगळा प्रोग्रॅम पाहिला. चहा झाला. मग मी उभा राहिलो. कंडक्ट रूलची पर्वा केली नाही. फलक सरळ धरला आणि म्हणालो, आबासाहेब, नळाचं काय झालं?

आबासाहेबांनी माझ्याकडे पाहून नुसते गाल फुगवले.

नोंद घेतली आहे, असे सगळे एका सुरात ओरडले. मी सगळ्यांत आधी.

हसू आवरेना. कोंडाजीने धरले म्हणून पडलो नाही. निघताना फलक तिथेच राहिला.

घरी विठाबाईने विचारले, काय म्हणाले? गाल फुगवून सांगितले. ती हसली नाही. एक हंडा तिने डोक्यावर घेतला, दुसरा माझ्या हातात दिला आणि चालू लागली. कॉलनीतले लोक पाहत होते. मागे जावे लागले.

रंगनाथची विहीर वाटते त्यापेक्षा बरीच लांब आहे. नोंद घेतली आहे.