मागे पाच, पुढे सतरा

प्रिय भिंगऱ्या,

पाकीट बघून तू हसशील. "दादाचा फोन बिघडला की डोकं?" असं तुझ्या वहिनीला विचारशीलही. फोन धड आहे. पण फोनवर तू बोलतोस आणि मी "हं, हं" करतो, आपलं आयुष्यभर हेच चाललंय. कागदावर तुला मध्ये तोंड घालता येणार नाही, म्हणून लिहितोय. नेहमीसारखं पहिलं पान आणि शेवटचं पान वाचून "कळलं, कळलं" म्हणू नकोस.

काल दुपारी कॉलेजमधून परस्पर रुग्णालयात गेलो. दातांच्या डॉक्टरीणबाई अपघातापासून अजून तिथेच दाखल आहेत. तू त्यांना तोंडावर "कवळीबाई" म्हणायचास आणि आपल्या मोटार क्लबात सगळ्यात मोठ्याने त्याच हसायच्या. उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलंय, आत धातूची पट्टी घातलीय. त्याच हाताने त्या तेवीस वर्षं लोकांचे दात काढत आल्यात. बोटांत जोर परत येईल का, हे सहा आठवड्यांनी कळेल असं तिथले डॉक्टर म्हणतात. तू अजून गेला नाहीस. क्लबाच्या चढणीवरच्या शर्यतीच्या फेऱ्यांच्या दिवशी मात्र चहाच्या टेबलाशी उभा राहून तू चार लोकांना सांगत होतास, "बाईंनी वळणात घाबरून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला, गाडी बिचारी काय करणार?" हे खरंच आहे. त्यांनी पाय काढला. त्या लांब वळणावर, जिथे डांबराला लाटा आल्यात, तिथे सगळेच काढतात. मी काढतो, तूही काढतोस. नीट बसवलेली गाडी तेवढं पोटात घालते. त्यांच्या गाडीने नाही घातलं.

आपण आपली गाडी कशी बसवली ते तुला आठवतं का? मला आठवतं, पण माझ्याकडे वही असते, त्यामुळे त्यात माझं काही कौतुक नाही. दोन दारांची, मागच्या चाकांनी ढकलली जाणारी ती गाडी आपण आणली तेव्हा ती वळणात अशी कलायची की तू म्हणालास, "दादा, ही गाडी आहे की होडी?" तुला पहिल्या दिवशीच सगळ्यात कडक स्प्रिंगा हव्या होत्या. गाडी जमिनीला चिकटलेली दिसली पाहिजे, एवढंच तुझं म्हणणं. मी म्हटलं, आधी टायर, मग सांध्यांमधली कुजलेली रबरं, मग चाकांचा कोन, त्यानंतर शॉकअप, आणि स्प्रिंगा सगळ्यात शेवटी. तू म्हणालास, "म्हणजे माझं लग्न होऊन मुलं होईपर्यंत." तू आठ महिने कुरकुरलास. पण रबरं बदलल्यावर पहिल्यांदा वर जाऊन आलास तेव्हा हेल्मेट काढायच्या आधी म्हणालास, "अरे, ही ऐकायला लागली!" ते वाक्य मी वहीत जसंच्या तसं लिहून ठेवलं होतं. स्प्रिंगा आपण मधल्या घेतल्या. मागचा आडवा बार, गाडी कलू नये म्हणून असतो तो, तुला जाड हवा होता, मी पातळ घेतला. तू दोन दिवस बोलला नाहीस. तिसऱ्या दिवशी वेळ चार सेकंदांनी कमी आली आणि तू मला खांद्यावर घ्यायला निघालास.

मी खोटं लिहिणार नाही. तुझ्याशिवाय माझे आकडे नुसते आकडे होते. गाडी काय करते ते तुझ्या पाठीला कळायचं. "मागची बाजू उशिरा येते," "पुढचं नाक आधी बुडतं," असं तू सांगायचास आणि मी खाली झोपून शॉकअपचं बटण फिरवायचो. एका टोकाला अगदी कडक, दुसऱ्या टोकाला अगदी मऊ, मध्ये चोवीस टिक. सगळं जग बटण कडक टोकापर्यंत बंद करतं आणि तिथून मागे मोजतं. मी उलटं मोजतो, मऊ टोकाकडून. बाबा घड्याळं दुरुस्त करायचे, आणि कुठलाही स्क्रू टोकापर्यंत पिळायचा नाही ही त्यांची शिस्त. माझ्या हाताला तेच वळण लागलं. वहीत मात्र मी फक्त एवढंच लिहायचो: मागे पाच, पुढे सतरा. कुठून मोजलं ते लिहायचं सुचलंच नाही, कारण वही माझी, वाचणारा मी. वर्गात एकक न लिहिलेल्या आकड्याला मी शून्य गुण देतो. सतरा वर्षं देतोय.

गेल्या वर्षाअखेरीस तू वही मागितलीस. "दोन पानांचे फोटो काढतो, बाकी काही नाही." मी दिली. कशासाठी, विचारलं नाही. मग क्लबाच्या मासिकात तुझा लेख आला, "मी माझी गाडी कशी सुधारली". तो टपालात आला तेव्हा मला आधी आनंदच झाला, यावर तू विश्वास ठेव. तुझ्या वहिनीला मी उभ्या उभ्या वाचून दाखवायला लागलो. "मी रबरांपासून सुरुवात केली. मी स्प्रिंगांचा मोह टाळला. मी पातळ बार निवडला." ती भाजी चिरत होती, म्हणाली, "अहो, हे सगळं तुम्ही केलंत ना?" मी म्हटलं, "दोघांनी केलं, लिहिताना असं होतं." ती म्हणाली, "तुमच्या हातून नाही होत ते कधी." मी पुढे वाचलं नाही. जेवण झाल्यावर खोलीत बसून एकट्याने वाचलं. पूर्ण लेखात "दादा" हा शब्द एकदाच आहे: "माझा मोठा भाऊ हत्यारं द्यायला असायचा."

त्या वाक्याने मला काय झालं ते नेमकं लिहायला मी तीन कागद फाडले. राग आला म्हणावं तर मी चिडलो नाही, जेवलो, झोपलो, दुसऱ्या दिवशी वर्ग घेतले. वहीतली तुझी वाक्यंही तू घेतली नव्हतीस, फक्त माझे आकडे घेतलेस, हे जास्त लागलं. कदाचित तुला लिहिताना ते खरंच तुझे वाटले असतील. गाडी तू चालवायचास, टाळ्या तुला पडायच्या. मीच मागे राहायचो, कोणी ढकललं नव्हतं. मग आता मागे असल्याचं दुःख कसलं, असं मी स्वतःला विचारलं. एवढं विचारूनही दुःख थांबलं नाही.

आता ज्यासाठी एवढी लांबण लावली ते सांगतो. लेखात तू चौकट टाकलीस: मागे पाच, पुढे सतरा. ती वाचणारा माणूस काय करेल? तो जगासारखं मोजेल, कडक टोकाकडून. म्हणजे मागचं मी मऊ ठेवलं होतं ते त्याच्याकडे दगडासारखं होणार, आणि पुढचं कडक होतं ते ढिलं पडणार. अशी गाडी सरळ रस्त्यावर उत्तम वाटते. वळणात लाटांवरून जाताना पाय काढला की मागची चाकं उडतात आणि शेपूट पुढे येतं. डॉक्टरीणबाईंची गाडी आपल्यासारखीच, त्याच वर्षाची, शॉकअपही तेच. त्यांनी तुझा लेख समोर ठेवून, स्वतः खाली झोपून, टिक मोजून बटणं फिरवली. त्या दिवशी त्यांना घेऊन गेल्यावर गाडी ओढून आणली आणि तू चहाच्या टेबलाशी होतास तेव्हा मी तिच्या मागच्या चाकाशी वाकलो. बटण कडक बाजूला फिरवलं. एक, दोन, तीन, चार, पाच. बंद. मी ते पुन्हा पाच मागे आणून ठेवलं आणि हात पुसले.

तुला वाटेल, दादाला तेव्हा कळलं. मलाही सहा दिवस असंच वाटून घ्यायचं होतं. पण वही आहे. लेख आला त्या तारखेखाली माझ्या अक्षरात लिहिलंय: "चौकटीत कुठून मोजायचं ते नाही. त्याला ठाऊकच नाही. बघू, कधी तोंडावर पडतो." भिंगऱ्या, मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. एक फोन करायचा होता. तू चार लोकांत हसं करून घ्यावंस, कोणीतरी तुला विचारावं आणि तुला उत्तर येऊ नये, एवढीच माझी इच्छा होती. कोणी खरंच बटण फिरवेल हा विचार मनात आला नाही, असं मी म्हणू शकतो. आला होता का? अठरा दिवस होते मध्ये. अठराव्या दिवशी, फेऱ्यांच्या सकाळी, डॉक्टरीणबाई माझ्याशेजारी हातमोजे घालत म्हणाल्या, "तुमच्या भावाने डोळे उघडले हो माझे, गाडी काय कडक झालीय!" मी म्हटलं, "जपून जा." म्हणजे आला होता.

काल त्यांना हे सगळं सांगितलं. आधी चौकटीचं. त्या म्हणाल्या, "चुका होतात, माझ्याकडूनही एकदा चांगला दात निघालाय." आणि हसल्याही. मग विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?" त्या दिवशी बटण मोजताना, असं सांगून मी उठू शकलो असतो. तुला दोष गेला असता, मला सहानुभूती मिळाली असती. मी वही काढून ते पान त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी चष्मा डाव्या हाताने लावला, तो दोनदा घसरला, मी मदत करायला गेलो तर मान हलवली. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "वही इथे राहू दे. आणि आता तुम्ही जा."

हे पत्र तुला सल्ला द्यायला नाही आणि तुझी माफी मागायलाही नाही, ज्यांची मागायची त्यांनी ती अजून स्वीकारलेली नाही. शनिवारी या अपघातावर क्लबाच्या समितीची बैठक आहे, त्यात ती वही उघडी होणार. तुझा लेख आणि माझं पान एकाच टेबलावर असेल. हे तुला तिसऱ्याच्या तोंडून कळू नये एवढ्यासाठी लिहिलं. मासिकाला चौकटीची दुरुस्ती पाठवली आहे, शनिवारची वाट न बघता, दोघांच्या नावाने. तुला विचारलं नाही, तूही मला विचारलं नव्हतंस. त्याआधी तू रुग्णालयात जाऊन ये. मी पाठवलं म्हणून सांगू नकोस. आणि बैठकीत माझ्या शेजारी बसू नकोस. तू शेजारी असलास की मी तुला सांभाळून घेतो, आणि त्या दिवशी मला ते करायचं नाहीये.

तुझाच, कारण हे काही बदलून घेता येत नाही,
दादा